फरक नऊने भागतो का?

नागपूरच्या लकडगंजातल्या आमच्या बँक शाखेत नोटांनाही लाकडाच्या भुशाचा वास यायचा. आरामशीनवाले पटेल शेठ मजुरांच्या पगाराचे पैसे काढायला येत, पितळी टोकन बोटांत खेळवत बाकावर बसत आणि पुकारा होईपर्यंत सागाच्या भावावर गप्पा झोडत. घाई कुणालाच नसे. काउंटरच्या आतल्या बाजूला मात्र ताण तेव्हाही होता. आजच्या पोरांना ते पटत नाही.

३० जून आणि ३१ डिसेंबर या तारखांची आम्हाला धास्ती असे. बचत खात्यांचं व्याज हाताने काढायचं. दर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरायची, फॅसिट मशीनचा दांडा फिरवायचा, आकडा लेजरात चढवायचा. (१ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिल्लकेवर मिळू लागलं. ते हाताने काढायला सांगितलं असतं, तर अख्ख्या शाखेने राजीनामे दिले असते.) मग बॅलन्सिंग, म्हणजे बेरजांचा ताळा जुळवणं. ५४ रुपयांचा फरक आला की कुणीतरी ओरडे, "नऊने भागतो ना? मग आकडे उलटे पडले!" तीन-चार जण लेजरवर वाकत, एक वाचणार, दुसरा टिक करणार. रात्री उशिरा चहा-समोसे, साहेबांची नक्कल, आणि कुठेतरी १७१ चे ११७ झालेले सापडले की टाळ्या. मूल शेजारी ठेवून आलेल्या बाईंना त्या टाळ्या कशा वाटत असतील, हे कुणी विचारत नसे. तेव्हा त्या दिवसांना सुवर्णकाळ वगैरे म्हणायला मी तयार नाही. पण तो ताण सगळ्यांचा मिळून होता, आणि जुळलं की त्याच रात्री संपत होता.

संगणकाची भीती आधी नोकरीची होती. १९८३ मध्ये युनियन आणि बँक्स असोसिएशन यांच्यात संगणकीकरणाबाबत करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, मग लेजर पोस्टिंग मशीन. गेटसभेत घोषणा द्यायच्या आणि आत येऊन गुपचूप की-बोर्ड शिकायचा, असा आमचा खाक्या. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत देशभरातून लाखभर माणसं बाहेर पडली. पुढे कोअर बँकिंग आलं, लेजर शाखेतून गेलं आणि त्याच्यासोबत फरकही गेला.

आता सर्व्हरशी जोडणारी लिंक जाते. ती शोधायला कोण कुठल्या पानावर वाकणार? काउंटरवर मात्र माणूस बसलेला असतो, शिव्या त्यालाच. नोटबंदीत त्याने त्या खाल्ल्या. २०१९-२० च्या विलीनीकरणांनंतर अनेकांना ओळखीच्या खातेदारांसमोर अनोळखी स्क्रीन हाताळावी लागली. वर व्हॉट्सॲपवर दुपारी विचारणा: आज किती ॲप डाउनलोड, किती विमा? मागे पडलेल्यांची नावं लाल रंगात.

यातूनही माणसं वाट काढतात. मॉनिटरच्या कडेला मेनू-कोडच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. पन्नाशीच्या मॅडम भडकलेल्या गिऱ्हाइकाला शांत करतात, बदल्यात पंचविशीचा पोरगा त्यांची ॲपची कामं उरकतो; अशी देवाणघेवाण कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. कुणी आठ वाजल्यावर ग्रुप म्यूट करतो. आणि लिंक गेली की एखादा इतवारीचा पोरगा मारबतीच्या मिरवणुकीतल्यासारखा हळूच म्हणतो, "सर्व्हरची इडापिडा घेऊन जा गे मारबत!" हसू फुटतं, तेवढाच वेळ सुखात जातो.

नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "काका, पापण्या मिटून उघडा न." मी जिवंत असल्याचं सिद्ध होण्याआधीच लिंक गेली. बसल्या बसल्या मी तिला बॅलन्सिंगच्या रात्री सांगितल्या.

"अन् फरक नाही सापडला तर?"

"तर घरी जायचं नाही."

"आमचंही तसंच आहे काका. फक्त शोधायचं काय, हेच कोणी सांगत नाही."