पाचव्या चाकावरील बिऱ्हाड

गृहस्थ या शब्दाचा साधा अर्थ घरी राहणारा. परंतु आपल्या धर्मशास्त्रकारांची दृष्टी याहून पुष्कळ व्यापक होती. बौधायन धर्मसूत्रात शालीन, यायावर आणि चक्रचर अशी गृहस्थांची तीन नावे येतात. शालेच्या, म्हणजे पक्क्या घराच्या, आश्रयाने राहतो तो शालीन. उत्तम वृत्तीने निर्वाह करीत जातो तो यायावर. आणि अनुक्रमाने फिरत राहतो तो चक्रचर. पाठशाळेत हा भाग वाचताना आमच्या डोळ्यांपुढे शालीन तेवढा स्पष्ट उभा राही, कारण आम्ही स्वतः त्याच वर्गातले. चक्रचर गृहस्थ प्रत्यक्ष पाहण्याचा योग आम्हांस वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आला, आणि तोही अमेरिकेतील टेक्सास संस्थानात.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त तेथील ऑस्टिन शहरी राहतात. सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. निघताना आमच्या पेटीत एक कागद होता. वाईस घाटापासून हाकेच्या अंतरावर आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. त्याच्या तुळयांना वाळवी लागलेली, माडी पावसाळ्यात गळते, आणि तिघा भावांपैकी कोणीही तेथे बारमाही राहत नाही. वाडा पाडून तेथे सदनिका बांधण्यास दोघा बंधूंनी संमती दिली होती. तिसरी सही आमची व्हावयाची होती. तो कागद चार महिने पेटीतच राहिला. चिरंजिवांनी त्याविषयी एका शब्दानेही विचारले नाही, परंतु त्यांच्या मनात काय आहे हे आम्ही जाणून होतो.

अशा वेळी त्यांनी चाकांवरचे एक घर विकत घेतले. त्यास तिकडे फिफ्थ व्हील, म्हणजे पाचवे चाक, म्हणतात. हे नाव आम्हांस प्रथम विचित्र वाटले, कारण त्या गाडीस पाचवे चाक कोठे दिसेना. चौकशी करता उलगडा झाला. घोड्यांच्या चारचाकी गाडीत पुढचा आस डावी-उजवीकडे वळावा म्हणून आस व सांगाडा यांच्यामध्ये एक आडवे वर्तुळाकार कडे बसवीत. चार चाकांवेगळे म्हणून त्यास पाचवे चाक म्हणू लागले. आज त्या कड्याच्या जागी एक जाड पोलादी बैठक असते. ती पिकअप ट्रकच्या पाठीवर, मागच्या आसाच्या जवळपास वर, बसवितात. ट्रेलरच्या पुढच्या उंच भागाखाली एक जाड खुंटी लोंबत असते. ती या बैठकीच्या जबड्यात अडकली की घर व गाडी यांचे लग्न लागले. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी 1920 च्या दशकात एरोकार या नावाने अशाच जातीची फिरती घरे तयार केली होती. विमान बांधणाऱ्या हातांस हलके व मजबूत घर बांधण्याची युक्ती सुचावी यात नवल नाही.

साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या टोकाला बांधतात. त्यामुळे वारा सुटला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की तो शेपटीसारखा हेलकावतो. पाचव्या चाकाचा भार ट्रकच्या आसावरच पडत असल्याने हे हेलकावे पुष्कळ कमी होतात. मात्र तो भार लहान नसतो. ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा त्या एका खुंटीवर येतो. आमचे बिऱ्हाड सामानासकट सुमारे 10,000 पौंड, म्हणजे साडेचार हजार किलोंचे. तेव्हा ट्रकच्या पाठीवर नऊशे किलो. एवढे वजन सोसणारा ट्रक आधी आणि घर मागाहून, असाच क्रम शहाणे लोक ठेवतात.

एप्रिलच्या एका शुक्रवारी आम्ही इंक्स लेक या सरकारी उपवनाकडे निघालो. ऑस्टिनपासून हे स्थळ सुमारे साठ मैलांवर. पहिला प्रवास जवळचाच असावा, म्हणजे काही अडल्यास घरी परतता येते, हा चिरंजिवांचा विचार आम्हांस पसंत पडला. रस्त्याच्या दुतर्फा ब्लूबॉनेटची निळी फुले पसरली होती. 1901 पासून त्या संस्थानाचे हे मानाचे फूल. बर्नेट गाव मागे टाकून आम्ही पोहोचलो, दार उघडले, आणि आतील जमीन पिवळीधमक दिसली! नातवाने कपाटाची कडी लावली नव्हती. मिसळणाचा डबा वळणावर खाली येऊन हळद सर्वत्र उधळली होती. "खंडोबाचा येळकोट झाला म्हणायचा," असे म्हणून सौभाग्यवतींनी पदर खोचला आणि नव्या घराचा पहिला केर काढला. सूनबाई ओशाळल्या होत्या; त्या हसू लागल्या.

मुक्कामाच्या जागी गाडी उभी करणे हे एक कर्मकांडच होय. प्रथम ट्रेलर डावी-उजवीकडे समतल करावयाचा, मग चाकांस ठोकळे लावावयाचे, पुढचे दोन पाय जमिनीवर टेकवावयाचे, मग जबडा उघडून ट्रक पुढे काढावयाचा, आणि पुन्हा पुढची-मागची पातळी साधावयाची. त्यानंतर वीज व पाणी जोडले, आणि बटण दाबताच एका बाजूची भिंत कोचासकट तीन फूट बाहेर सरकून लहानशा खोलीचे दिवाणखान्यात रूपांतर झाले. ही सर्व कृत्ये एका कागदावर अनुक्रमाने लिहिलेली होती. नातू एकेक कलम मोठ्याने वाचे, चिरंजीव ते करीत व "झाले" म्हणत. होता आणि अध्वर्यू यांची वाटणी आम्हांस आठवली. कर्म करणारा चुकू नये म्हणून मंत्र म्हणणारा वेगळा असावा, ही योजना यज्ञाइतकीच यंत्रासही उपयोगी आहे.

आता आतील व्यवस्था. आमच्या गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी सुमारे 190 लिटरची होती. वापरलेल्या पाण्याच्या टाक्या वेगळ्या. स्नानाचे व भांड्यांचे पाणी जिच्यात जाते ती करडी आणि शौचकूपाची ती काळी. त्या उपवनात आमच्या जागी नळ व वीज असली तरी सांडपाण्याची मोरी नसते. टाक्या भरल्या की बाहेर पडण्याच्या वाटेवरील ठरावीक ठिकाणी त्या स्वतःच्या हाताने रिकाम्या कराव्या लागतात. आधी काळी, मग करडी, म्हणजे मागचे साबणाचे पाणी नळी धुऊन काढते. विजेचेही तसेच. तीस अँपिअरच्या जोडणीवर थंड हवेचे यंत्र चालू असता मायक्रोवेव्ह लावला की अंधार होतो. शहरात बटण दाबले व तोटी फिरविली म्हणजे आपला संबंध संपतो. येथे प्रत्येक तांब्याचा हिशेब मनात ठेवावा लागतो. आमच्या लहानपणी कृष्णेवरून कळशीने पाणी येई, तेव्हा घरातील प्रत्येक बाईस हा हिशेब तोंडपाठ असे. सौभाग्यवतींनी एका बादलीत चौघांची भांडी विसळून दाखविली, तेव्हा सूनबाई आश्चर्याने पाहत राहिल्या.

सायंकाळी देवाचा प्रश्न आला. लंगडा बाळकृष्ण व अन्नपूर्णा कोचाजवळच्या फळीवर विराजमान झाली, परंतु आत निरांजन लावणे धोक्याचे; भिंती हलक्या, आणि चुलीस लागणारा गॅस शेजारीच. तेव्हा निरांजन बाहेरच्या लाकडी मेजावर, कंदिलाच्या काचेआड लावले. समोर तळे शांत पडले होते. हे तळे टेक्सासच्या कोलोरॅडो नदीवर 1938 साली पुऱ्या झालेल्या धरणाने बनले आहे. ग्रँड कॅन्यन कोरणारी प्रसिद्ध कोलोरॅडो ती निराळी; ही टेक्सासातच वाहून मेक्सिकोच्या आखातास मिळते. काठचे गुलाबी नाईस खडक एक अब्ज वर्षांहून जुने आहेत. अशा खडकावर उभे राहून आमच्या वाड्याच्या वयाचा अभिमान धरणे जरा अवघडच.

शेजारच्या जागेवर सत्तरी ओलांडलेले एक दांपत्य तशाच पाचव्या चाकात उतरले होते. त्यांनी उत्तरेकडील आपले घर विकून नऊ वर्षे झाली होती, आणि तेव्हापासून ती गाडी हेच त्यांचे घर. पत्र कोठे येते, असे आम्ही विचारले. त्यावर त्यांनी टेक्सासातील लिव्हिंग्स्टन या गावाचे नाव सांगितले. तेथे एस्केपीज नावाची, अशा फिरत्या लोकांची संस्था आहे. ती 1978 साली निघाली. सभासदांचे टपाल तेथे येते आणि ते जेथे असतील तेथे पुढे पाठविले जाते. इतकेच नव्हे, तर वार्धक्याने किंवा आजाराने फिरणे थांबले तर स्वतःच्या गाडीतच राहून जेवणाची व देखभालीची मदत मिळावी अशीही सोय तेथे केलेली आहे. म्हणजे चक्रचरासही शेवटी टेकावयास जागा लागते, हे त्या लोकांनी ओळखले आहे.

घर विकताना काय ठेवले, असे सौभाग्यवतींनी सूनबाईंकरवी त्या बाईंस विचारले. बाई म्हणाल्या, "स्वयंपाकघराच्या दाराची एक फळी. तिच्यावर मुलांची उंची दरवर्षी खुणेने नोंदलेली आहे. ती मुलीकडे ठेवली आहे."

रात्री दहानंतर तेथे गलबला करावयाचा नाही असा नियम आहे, आणि तो लोक पाळतातही. सर्व सामसूम झाल्यावर सौभाग्यवती सहज म्हणाल्या, "अहो, आपण वाडा वाडा म्हणतो, पण तो आपण तरी कुठे राखतोय? वर्षाचे दहा महिने कुलूपच राखतंय."

या वाक्यावर आम्ही बराच वेळ विचार केला. त्या दिवसभरात आम्ही जे पाहिले त्याचा अर्थ या एका वाक्यात आला होता. चाकांवरचे ते घर दर घटकेस लक्ष मागते; टायरातील हवा, छपराचे सांधे, टाक्यांची पातळी, कपाटाच्या कड्या. ते चालते याचे कारण चौघे माणसे त्याची सतत निगा राखतात. आमच्या आईच्या वेळी वाड्याचीही तशीच निगा होती. सारवण, कौले चाळणे, आड उपसणे, सांजवात. भिंती तेव्हाच्याच आहेत, निगा तेवढी उरलेली नाही. ज्याची निगा राखण्यास आपले हात पोहोचत नाहीत त्यास घर म्हणत राहणे ही केवळ शब्दाची मालकी होय. आणि उलट, शेजारच्या वृद्धांकडे पाहता हेही दिसत होते की टेकावयास एक स्थिर जागा असावी. ती मोठी असण्याचे कारण नाही.

सकाळी आम्ही चिरंजिवांस सांगितले, की सही करावयाची. मात्र बंधूंस दोन अटी कळवावयाच्या; आमच्या वाट्याची सदनिका तळमजल्यावर असावी, आणि देवघराची सागवानी चौकट पाडकामाच्या आधी काढून तिच्यात बसवावी. चिरंजीव क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाना, चौकट उतरवताना मी येतो. ते काम परक्यावर सोडायला नको." आम्हांस एवढेच हवे होते.

रविवारी निघताना जो प्रसंग घडला तो वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. ट्रक मागे घेतला, खुंटी जबड्यात बसल्याचा आवाज आला, दांडाही सरकला. सारे जमले असे दिसत होते. परंतु नातवाने कागदावरचे पुढील कलम वाचले, की ठोकळे व पाय न काढता ट्रक किंचित पुढे ओढून पाहा. चिरंजिवांनी तसे केले, तो ट्रक एकटाच वीतभर पुढे आला! ट्रेलरचा पुढचा भाग थोडा उंच राहिल्यामुळे खुंटी जबड्याच्या आत न जाता वर टेकली होती. पाय आधीच उचलले असते तर सारे घर ट्रकच्या पाठीवर कोसळले असते. पुढची बाजू दोन इंच उतरवून पुन्हा जोडले, पुन्हा ओढले. या वेळी जबडा पक्का बसला. मग विजेची तार जोडली, आणि तिच्याजवळची ती बारीक दोरीही, जी ट्रेलर सुटल्यास खेचली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लावते. आठ वर्षांच्या मुलाने एक कलम गाळले नाही म्हणून सहा माणसांची मोठी आपत्ती टळली, असे आम्ही म्हटले तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, आपण पाचच आहोत." बाळकृष्ण धरून सहा, असे त्यास सांगावे लागले.

ज्यांची मुले परदेशी आहेत अशा वाचकांस हे बिऱ्हाड कधी ना कधी पाहावयास मिळेल. त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिला प्रवास जवळचा व दोन रात्रींचा करावा. गाडीची उंची बारा-तेरा फूट असते, म्हणून वाटेतील पूल व झाडांच्या फांद्या आधी विचारात घ्याव्या. डबे घट्ट झाकणाचे न्यावे. कागदावरील कलमे वाचण्याचे काम घरातील सर्वांत लहान, पण वाचता येणाऱ्या माणसाकडे द्यावे. मोठी माणसे ओळखीच्या कामात कलमे गाळतात, लहान मूल गाळीत नाही.

सारस्वत सत्र नावाचा एक प्राचीन यज्ञ आहे. त्यात सदस् व हविर्धान हे मंडप चाकांवर असत, आणि सरस्वतीच्या तीराने यजमान उगमाकडे जात. रोज शम्या, म्हणजे जुवाची खुंटी, पुढे फेकावयाची, आणि ती पडेल तेथे त्या दिवसाचे यज्ञस्थान मांडावयाचे. मंडप रोज हले, पण अग्नी तोच आणि विधीही तोच. आमच्या पूर्वजांस जे साधले ते आमच्या नातवंडांस साधणार नाही असे मानण्याचे आम्हांस तरी काही कारण दिसत नाही. वाईची चौकट पुढील मार्गशीर्षात उतरावयाची आहे. तोपर्यंत आमच्या पेटीतील तो कागद सहीसह बंधूंच्या हाती पोहोचलेला असेल.