डोंगरातले यजमान

शनिवार, 10 जून 2023
उधेवाडी, राजमाची

पावसाचा पत्ता नाही. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ घोंगावतंय आणि मोसमी वारे खोळंबलेत. काजवे मात्र वेळेवर आले. मुलांना डोंगरात नेणाऱ्या आमच्या गटाचं वर्षातलं हे पहिलं शिबिर, निम्मी मुलं नवी. आठवीतली दोघं घर सोडून पहिल्यांदाच बाहेर झोपणार आहेत.

जेवणं उरकून आठच्या सुमारास गावाखालच्या झाडोऱ्यात गेलो. मोबाइल घरात ठेवलेले, विजेऱ्या बंद. पाच-दहा मिनिटं कुणालाच काही दिसेना. मग डोळे अंधाराला सरावले आणि समोरचा सादडा लुकलुकायला लागला. त्याच्यामागोमाग शेजारचा बेहडा. मुलांना सांगितलं की हा उजेड म्हणजे निरोप आहे. नर उडता उडता प्रकाशाने हाक देतो, मादी पानावर बसून ओ देते. प्रौढ काजव्याला आयुष्य मिळतं जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं. त्यातच जोडी जमायची आणि अंडी घालून व्हायची. आपण विजेरी मारली की हाक कुणाची आणि ओ कुणाची, त्यांना कळेनासं होतं.

ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशी जेवण वाढताना म्हणाल्या, "शनिवारी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गाड्यांचे दिवे. काजवे गेले तर तुम्ही लोक येणार नाही, मग आम्ही काय खायचं?" नववीतल्या एकीने हे वाक्य लगेच वहीत उतरवलं. खाली मावशींचं नाव, गाव आणि तारीख. तिला तशी सवयच आहे.

रविवार, 25 जून
डोंबिवली

मुंबईत आणि दिल्लीत मोसमी पाऊस आज एकाच दिवशी पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. असं याआधी 21 जून 1961 ला झालं होतं म्हणे. आम्ही शाळेच्या मैदानावर भर पावसात तंबू लावत होतो. ओढ्याच्या पात्रात तंबू नाही, वाळक्या फांदीखाली नाही आणि दार वाऱ्याच्या तोंडावर नाही. सॅकमध्ये आधी मोठी प्लॅस्टिकची पिशवी, मग कपडे. जड सामान पाठीलगत. फिगर ऑफ एटची गाठ सगळ्यांना डोळे मिटून आली पाहिजे. ज्यांना आली त्यांनी बाकीच्यांना शिकवली.

गुरुवार, 20 जुलै

काल रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सकाळपासून फोन थांबलेला नाही. गेल्या हिवाळ्यात आमची मुलं इर्शाळगडाचं नेढं बघायला गेली होती. चौक गावाकडून चढून जाताना वाटेत हीच ठाकरवाडी. तिथल्या एका अंगणात पोहे खाल्ले, विहिरीवर बाटल्या भरून घेतल्या.

तीन दिवसांत पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही. यंत्रं वर नेता येत नाहीत, ढगांमुळे हेलिकॉप्टर उतरत नाही. एनडीआरएफचे जवान, आसपासचे गिर्यारोहक आणि गावकरी पाऊलवाटेने वर चढलेत आणि कुदळ-फावड्यांनी माती उपसताहेत. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं.

रविवार, 30 जुलै

शोधकार्य थांबून आठवडा झाला. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसं मातीखालीच राहिली.

जुलैचा ट्रेक रद्द केला, आज फक्त बैठक. मोठ्या मुलांना मदतीला जायचं होतं. प्रशिक्षण नसलेली गर्दी पाऊलवाटेवर अडथळा होते, हे त्यांना पटायला वेळ लागला. शेवटी वह्या-दप्तरांसाठी पैसे गोळा करायचे ठरले. वाडीतली बरीच मुलं त्या रात्री निवासी आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. त्यांची शाळा चालू राहायला हवी.

मग त्या नववीतल्या मुलीने आपली जुनी वही उघडली. पोहे देणाऱ्या आजींचं पूर्ण नाव तिने लिहून ठेवलं होतं. वर्तमानपत्रात आलेली नावं तिने आठवडाभर चाळली, त्यात आजी नाहीत. खोलीत कुणी बोललं नाही. थोड्या वेळाने अकरावीतला एकजण म्हणाला, "ताई, आपल्या प्रत्येक शिबिराच्या नोंदीत घरातल्या माणसांची नावं लिहूया." ठरलं. उंची, अंतर, लागलेला वेळ यांच्याही वर आता यजमानांचं नाव असेल.

शनिवार, 9 सप्टेंबर
कास

साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर हे पठार. 2012 साली पश्चिम घाटातली जी 39 ठिकाणं जागतिक वारशात गेली, त्यांतलं एक. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर, कुठे वीतभर. पावसात पाणी साचतं, हिवाळ्यात सगळं कोरडं ठाक. एवढ्या अडचणीत जे उगवतं ते हट्टाने उगवतं. तेरड्याची गुलाबी चादर आणि सोनकीचा पिवळा रंग तर सगळ्यांना दिसतो. आम्ही मुलांना गुडघ्यावर बसवलं आणि सीतेची आसवं दाखवली. एवढंसं जांभळं फूल, पण मांसाहारी! मातीत नत्र कमी, म्हणून मुळाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून ते आपली गरज भागवतं. आठवीतली दोघं अर्धा तास तिथून हलली नाहीत.

पठार सांभाळायला आसपासच्या गावांची समिती आहे. शुल्क, पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा, जागोजागी उभे स्वयंसेवक. सोबत आलेल्या गावातल्या दादाने पायवाटेबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. "तुमचा एक बूट पडला की पुढच्या वर्षीची फुलं गेली." मुलांनी ऐकलं. याच दादाकडे जेवलो आणि नाव वहीत गेलं.

शनिवार, 28 ऑक्टोबर
मुरबाड तालुका

कोजागरी आणि खंडग्रास चंद्रग्रहण एकाच रात्री! भात कापणीला आलंय. शेताच्या कडेला, खळ्याच्या जागेत तंबू लावले. दुधाचं काय करायचं, हा प्रश्न दुपारीच निघाला. ज्यांचं शेत, त्या घरातल्या आजी ग्रहणाचे वेध पाळतात. त्यांनी सांगितलं, नवाच्या आत दूध घ्या. मुलांमधला एक विज्ञानवेडा वाद घालायच्या बेतात होता. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, घर त्यांचं आहे. दूध लवकर प्यायलो म्हणून पृथ्वीची सावली काही अडून राहत नाही. नवाच्या आत केशरी दूध झालं. मग गाणी, भेंड्या.

एक वाजून पाच मिनिटांनी सावलीने चंद्राची खालची कड पकडली. शेजारी गुरू ठळक चमकत होता. तेवढ्यात आजी गोधडी पांघरून खळ्यात आल्या. त्यांच्यासाठी दुर्बीण उभी केली. आमच्या विज्ञानवेड्याने बॅटरी, चेंडू आणि सुपारी घेऊन सूर्य, पृथ्वी, चंद्र मांडून दाखवले. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सावली वाटोळी दिसते म्हणजे पृथ्वी वाटोळी, असंच ना?" अगदी हाच तर्क ॲरिस्टॉटलने मांडला होता. मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. अडीचच्या आत सावली सुटली. आजी आंघोळीला गेल्या, आम्ही तंबूत शिरलो.

रविवार, 12 नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन

मुलांनी सोसायटीच्या आवारात राजगड केलाय. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या जागच्या जागी, मधोमध बालेकिल्ला. अळीव छान उगवलेत. पण या वर्षी पायथ्याला गुंजवणे गावही आहे. घरं, गोठे आणि पाणवठा.

संध्याकाळी वहीवाल्या मुलीचा फोन आला. आश्रमशाळेतल्या सरांकडून निरोप मिळाला होता. इर्शाळवाडीच्या त्या आजी सुखरूप आहेत, चौकजवळच्या कंटेनर वसाहतीत राहतात. दरड कोसळली त्या रात्री त्या लेकीकडे गेल्या होत्या. नाव ठाऊक होतं, म्हणूनच चौकशी करता आली.

सोमवार, 25 डिसेंबर
हरिश्चंद्रगड

पहाटेची कसारा लोकल, तिथून जीपने राजूरमार्गे पाचनई. वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली आणि अडीच-तीन तासांत गडावर पोचलो. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराचा एकसंध वाटावा असा दगडी घाट बघून मुलं गप्प झाली. केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढं गार पाणी, मध्ये भलंमोठं शिवलिंग आणि भोवतीच्या चार खांबांपैकी शाबूत उरलेला एकच. त्याची गोष्ट प्रत्येकजण वेगळी सांगतो.

सूर्यास्ताला कोकणकडा. हा कडा सरळ उभा नाही, आत वळलेला आहे. त्यामुळे काठाशी पालथं पडून बघितलं तरी पाय कुठे टेकलाय ते दिसत नाही. मुलांना दोर बांधून, एकेकाला पालथं घालूनच पाहू दिलं. यावर कितीही कुरकूर झाली तरी सूट नाही.

रात्री जेवायला पाचनईच्या एका कुटुंबाच्या पालात. पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा. घरातला तरुण रोज खालून शिधा पाठीवर आणतो. सुटीचा गर्दीचा हंगाम संपला की याच पाठीवरून पर्यटकांनी टाकलेल्या बाटल्या खाली नेतो. आमच्या मुलांनी आपापल्या कचऱ्याबरोबर त्याच्याकडची दोन पोती वाटून घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. रात्र भयंकर गार होती, पण पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचं चांदणं सोडून तंबूत जायला कुणी तयार होईना.

रविवार, 21 जानेवारी 2024
डोंबिवली

प्रथमोपचाराचा वर्ग. दोन बांबू आणि चार शर्ट घेऊन स्ट्रेचर केलं आणि माणूस उचलून तीन मजले चढवला, उतरवला. सपाटीवर चौघे पुरतात. डोंगरउतारावर बदलीला आणखी चौघे लागतात, हे खांदे भरून आल्यावर कळलं. मग सर्पदंश. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं. जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून दोरी बांधायची नाही. माणसाला धीर द्यायचा, चावलेला अवयव हलू द्यायचा नाही आणि तडक दवाखान्यात न्यायचं. सरकारी रुग्णालयात लस फुकट मिळते. डॉक्टरांनी विचारलं, "जवळचा दवाखाना कुठे हे तुम्हाला कोण सांगणार?" अकरावीतल्या मुलाचं उत्तर तयार होतं, "ज्यांच्याकडे उतरलोय ते."

रविवार, 17 मार्च
वेळास

मंडणगड तालुक्यातलं हे गाव म्हणजे नाना फडणविसांचं. आता ओळखलं जातं ते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. एके काळी इथे घरटी उकरून अंडी नेली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली काम सुरू केलं, वनखातं सोबत आलं आणि गाव राखणदार झालं. मादी रात्री येऊन शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. कार्यकर्ते ती अंडी जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात.

काल संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलली तर एकही पिल्लू नव्हतं. आठवीतली मुलं हिरमुसली. आज सकाळी पुन्हा गेलो. वाळू हलली आणि तळहातावर मावतील अशी काळपट पिल्लं एकमेकांवर चढत बाहेर आली. दोरीच्या मागे उभं राहून बघितलं. लाटेने दोनदा मागे फेकलं तरी तोंड समुद्राकडेच. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही.

ज्या काकूंकडे राहिलो त्यांनी उकडीचे मोदक केले होते. पाहुण्यांच्या पैशांतून त्यांच्या मुलीचं कॉलेज चालतं. अंडी विकण्यापेक्षा कासव जगवण्यात घर चालतं, हा हिशेब त्यांनी मुलांना सरळ मांडून दाखवला.

रविवार, 5 मे
माहुलीचा पायथा, आसनगाव

मे महिन्यात गड चढायला काढला नाही. 1636 साली शहाजीराजे जिजाबाई आणि सहा वर्षांच्या शिवबांसह ज्या गडावर होते, तो खालूनच दाखवला आणि इतिहास सांगितला. हे शिबिर पाण्यासाठी होतं.

शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. मुंबईची तहान इथलं पाणी भागवतं. पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ, पाणी मुरत नाही, वाहून जातं. गेला ऑगस्ट तर 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. वाड्यांच्या विहिरी तळाला गेल्यात आणि टँकरची वाट बघितली जाते.

नियम एकच होता. दोन दिवस प्रत्येकाला रोज एक कळशी पाणी. पिणं, तोंड धुणं, ताट घासणं, सगळं त्यातच. आणि ती कळशी वाडीतल्या बायकांबरोबर जाऊन स्वतः आणायची. बारावीच्या परीक्षेतून मोकळ्या झालेल्या मोठ्या मुलांनी विहिरीतला गाळ काढायला गावकऱ्यांना हात दिला. दुपारी चार वाजता आठवीतली मुलगी डोक्यावरची कळशी न सांडता घेऊन आली, तेव्हा ओसरीवरच्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

रविवार, 2 जून

नव्या वर्षाची नावनोंदणी सुरू झाली. पालक विचारतात, किती किल्ले होणार? प्रमाणपत्र मिळणार का? त्यांना मी आता मुलांची वही दाखवते. तिच्यात किल्ल्यांपेक्षा माणसांची नावं जास्त आहेत.

सह्याद्री रिकामा नाही. प्रत्येक वाटेवर कुणाचं तरी अंगण आहे, कुणाची तरी विहीर आहे. तरुण मुलांना डोंगरात नेणाऱ्या प्रत्येक गटाला माझं एवढंच सांगणं आहे. जेवण गावातच घ्या आणि घासाघीस न करता पैसे द्या. पाणी जपून वापरा. आपला कचरा आपल्या पाठीवरून परत आणा. आणि निघण्यापूर्वी यजमानांचं नाव विचारून लिहून ठेवा. शक्य असेल तिथे पावसाळा संपल्यावर त्यांची खुशाली विचारायला पुन्हा जा.