दोन जिवांची डुकरीण

वराहपालनात उतरलो तेव्हा एका बाबतीत मला शंकाच नव्हती: गाभण मादीला भरपूर खाऊ घालायचं. देवासच्या आमच्या मराठी घरांत डोहाळजेवण अजून हौसेनं होतं. दोन जिवांची म्हटलं की आजी पानात वाढतच राहते. म्हणून डॉक्टरांनी गाभण डुकरिणीला दिवसाला दोन-अडीच किलोच खुराक सांगितला, तेव्हा मी गोंधळून गेलो.

"अहो डॉक्टरसाहेब, पोटात दहा-बारा पिल्लं असतील की!"

"असू देत. आत्ता चरबी चढली तर व्यायला अडेल, आणि व्याल्यावर भूक मरेल. तिला खरं खायचंय ते तेव्हा."

गाभणकाळ साधारण ११४ दिवसांचा. पिल्लांचं वजन मुख्यतः शेवटच्या महिन्यात वाढतं, म्हणून खुराक वाढवायचा तो तिथून, बेतानं. व्याल्यावर मात्र हळूहळू पाच-सहा किलोपर्यंत न्यायचा. तेव्हा कमी पडलं तर ती स्वतःचं अंग झिजवून दूध देते, आणि पिल्लं तोडल्यावर माजावर यायला उशीर करते. हाडं वर आलेली आई आणि गुबगुबीत पिल्लं एकाच खोपटात पाहिली, की त्या दुधाची किंमत कळते.

आमच्याकडे सोयापेंडेला तोटा नाही, सगळा माळवाच सोयाबीनचा. नुसत्या मक्यात लायसिन कमी, ते पेंडेतून भरून निघतं. पण कच्चं सोयाबीन घालायचं नाही; त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही, तो उष्णतेनं मोडावा लागतो. इथवर मला समजत होतं.

अडलो ते लोहापाशी. पिल्लू जन्मतं ते अंगात जेमतेम ४०-५० मिलिग्रॅम लोह घेऊन. रोजची गरज सुमारे ७ मिलिग्रॅम, आणि दुधातून मिळतं एखादं. मग आईलाच लोह चारू या, असं मला वाटलं. पण ते ना वारेतून पुरेसं उतरतं, ना दुधातून. रानात पिल्लं माती उकरून ते मिळवतात. सिमेंटच्या फरशीवर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास इंजेक्शनच द्यावं लागतं. रोगप्रतिकारक द्रव्यंही वारेतून येत नाहीत, ती येतात चिकातून. तोही पहिल्या दिवसातच पोटात जायला हवा, कारण त्यानंतर पिल्लाचं आतडं ती आत घेत नाही.

आणि बुरशीचं विष? पावसात भिजलेल्या मक्यावरच्या एका बुरशीचं विष आईच्या अंगातून पिल्लांपर्यंत पोचतं. जन्मलेल्या माद्यांची योनी सुजलेली दिसते. हवं ते लोह अडतं आणि हे विष सहज पार होतं, हे मला अजून पचलेलं नाही.

त्याहून नवल वाटलं ते चवीचं. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ च्या सुमारास गाभण माद्यांच्या खाद्यात बडीशेपेसारख्या वासाचा स्वाद मिसळला. तो पिल्लांनी पोटात असतानाच ओळखीचा करून घेतला; पुढे नव्या जागी तोच वास आला, तर ती कमी बिचकत. दूध तुटल्यावर पिल्लं अन्नाला तोंड लावत नाहीत, ही तर आमची रोजची काळजी! मी उत्साहानं विचारलं, पुढच्या गाभणीला असंच काही घालून पाहू का?

"पाहा की," डॉक्टर म्हणाले, "पण आधी मका नीट वाळवा."