नकाशा पक्का होण्याआधी

टोरांटोच्या पश्चिमेला, क्रेडिट नदीच्या खोऱ्यात, एका दुपदरी रस्त्याचं रुंदीकरण व्हायचं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मक्याची शेतं होती आणि त्यांच्या जागी झपाट्याने घरं येत होती. घरं आली की पाणी आलं, ड्रेनेज आलं. म्हणून रस्ता, जलवाहिनी आणि मोठी मलवाहिनी अशी तिन्ही कामं एकाच पर्यावरण आकलनात घेतली गेली. मी त्या अभ्यासाच्या चमूत होते. पुण्यात सिव्हिल शिकताना पर्यावरण हा शेवटच्या वर्षाचा एक पेपर होता. इथे तो कामाची पहिली पायरी होऊन समोर आला.

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताचा पर्यावरण आकलन कायदा 1975 सालचा. पण शहरांची रस्ते, पाणी आणि सांडपाण्याची कामं वर्षानुवर्षं एकाच धर्तीची असतात. प्रत्येक कामाला स्वतंत्र, अवाढव्य आकलन लावलं तर एकही नळ वेळेवर येणार नाही. म्हणून 1987 पासून या कामांसाठी एक ठरलेली पद्धत आहे. नगरपालिकांच्या अभियंत्यांच्या संघटनेने ती तयार केली आणि प्रांताने मंजूर केली. रस्त्याचं डांबरीकरण किंवा जुन्या पाइपाच्या जागी नवा पाइप टाकणं, अशा कामांना सूट. मधल्या कामांसाठी ‘शेड्यूल बी’. आमच्यासारख्या मोठ्या कामांसाठी ‘शेड्यूल सी’, त्याचे पाच टप्पे. आधी अडचण नेमकी काय ते लिहायचं, मग ती सोडवण्याचे सगळे मार्ग मांडायचे, मग निवडलेल्या मार्गाच्या रचनेचे पर्याय तपासायचे, मग सविस्तर अहवाल आणि शेवटी बांधकाम. कुदळ लागेपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते दुसऱ्या टप्प्याने. मार्गांच्या यादीत ‘काहीच न करणे’ हा पर्याय मांडावाच लागतो. रस्ता आहे तसाच ठेवला तर काय होईल? बसगाड्या वाढवल्या तर? शेजारचा समांतर रस्ता सुधारला तर? प्रत्येक पर्याय एका तक्त्यात येतो आणि त्याच्यापुढे रकाने असतात: ओढा आणि झाडं, आजूबाजूची घरं, जुने अवशेष, वाहतूक, खर्च. रकान्यात आकड्यांऐवजी वर्तुळं असतात. भरलेलं म्हणजे चांगलं, अर्धं म्हणजे मध्यम, रिकामं म्हणजे वाईट. एखादं वर्तुळ अर्धं का आणि भरलेलं का नाही, यावर आम्ही तासन् तास वाद घातले आहेत. त्या वादाची नोंद अहवालात राहते, आणि कुणीही सामान्य माणूस ती वाचून जाब विचारू शकतो.

मलवाहिनीचंच उदाहरण घ्या. सांडपाणी उताराने आपसूक वाहावं म्हणून जगभर मलवाहिन्या ओढ्या-नाल्यांच्या काठाने टाकल्या जातात. पंप लागत नाही, खर्च कमी. पण ओढा आपली वाट बदलतो, काठ खचतो आणि एके दिवशी पाइप उघडा पडतो. आमच्याकडे दोन पर्याय होते. एक, रस्त्याखालून जाणाऱ्या ओढ्याच्या काठाने चर खोदून पाइप टाकणं. दुसरा, रस्त्याच्या खालून खोलवर, जमीन न उकरता, यंत्राने भोक पाडत जाणं. खर्चाच्या रकान्यात दुसऱ्यापुढे रिकामं वर्तुळ होतं. ओढ्याच्या रकान्यात मात्र ते पूर्ण भरलेलं होतं, आणि त्याचं कारण एक बोटभर लांबीचा मासा होता.

रेडसाइड डेस हे त्याचं नाव. अंगावर तांबडा पट्टा, त्याच्यावर पिवळी रेघ. कॅनडात तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. त्याला थंड, नितळ पाणी लागतं आणि काठावरून पाण्यावर झुकलेलं गवत लागतं, कारण तो त्या गवताभोवतीचे किडे पाण्याबाहेर उडी मारून पकडतो. बांधकामाचा गाळ ओढ्यात उतरला की त्याला भक्ष्य दिसत नाही. डांबरावरून तापलेलं पाणी आलं की त्याला जगणं कठीण होतं. जुलैतल्या एका संध्याकाळी आमच्या जीवशास्त्रज्ञ सहकाऱ्यासोबत मी काठावर गुडघे टेकून बसले होते. डोहावर माश्या घोंगावत होत्या. पाणी किंचित हललं, एक तांबडी झाक वर आली आणि माशी गडप झाली. तोवर माझ्यासाठी तो ओढा म्हणजे घनमीटर प्रतिसेकंद होता. अशा ओढ्यात उतरून करायचं कोणतंही काम 1 जुलै ते 15 सप्टेंबर एवढ्याच काळात का करतात, हे मला नियमावलीतून माहीत होतं. त्या संध्याकाळी ते पटलं. मलवाहिनी रस्त्याखालून न्यायचं ठरलं.

मग आली नागरिकांची सभा. इथे व्यासपीठ नसतं. समाजमंदिरासारख्या सभागृहात फलक लावून ठेवतात, टेबलावर रस्त्याचा लांबलचक नकाशा पसरतात आणि लोक येऊन हवं तिथे बोट ठेवून बोलतात. त्या दिवशी एक वयस्क सरदारजी आले. आयुष्यभर ट्रक चालवलेले, ओढ्यालगतच्या घरात मुलाकडे राहणारे. मी हिंदी बोलते असं कळल्यावर त्यांनी खुर्ची ओढली. “बेटा, ही मोरी तुम्ही मार्चमध्ये पाहिली आहे का?” ओढा रस्त्याखालून जातो तिथे बोट ठेवून त्यांनी विचारलं. बर्फ फुटायला लागला की त्याच्या लाद्या मोरीच्या तोंडाशी अडकतात आणि पाणी मागे तुंबतं, असं त्यांनी सांगितलं. पदपथ नसल्याने शाळेची मुलं तिथूनच धावत रस्ता ओलांडतात आणि रात्री हरणंही तिथूनच येतात, हेही त्यांनी सांगितलं. बोलता बोलता त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेऊन नकाशावर तीन फुल्या मारल्या.

त्या भागातली पूररेषा हरिकेन हेझलच्या पावसावर बेतलेली आहे. 15 ऑक्टोबर 1954 च्या रात्री त्या वादळाने टोरांटो परिसरात हाहाकार उडवला, ऑन्टॅरिओत 81 माणसं गेली. तेव्हापासून नदीकाठी काय बांधायचं आणि काय नाही, हे तो पाऊस डोळ्यांपुढे ठेवून ठरतं. आमच्या गणितात तो होता. सरदारजींच्या बर्फाच्या लाद्या मात्र पावसाच्या त्या गणितात बसणाऱ्या नव्हत्या. त्यांच्या फुल्या आमच्या पुढच्या बैठकीत टेबलावर होत्या. मोरीच्या जागी नवी मोरी की लांब गाळ्याचा पूल, या तक्त्यातली वर्तुळं त्यानंतर बदलली. पूल ठरला, त्याखाली दोन्ही काठांना कोरडी पट्टी ठेवायची ठरली, म्हणजे जनावरं खालून जातील, आणि मुलांसाठी पदपथ नकाशात आला. हे सगळं घडू शकलं, कारण तेव्हा नकाशा पेन्सिलीत होता. निविदा निघाल्यावर सरदारजी आले असते, तर आम्ही आदराने ऐकून घेतलं असतं आणि काहीही बदललं नसतं.

हा वेळखाऊपणा कशासाठी, असं इथेही लोक विचारतात. मला वॉकर्टन आठवतं. ऑन्टॅरिओतलं हे छोटं गाव. मे 2000 मध्ये मुसळधार पावसानंतर गुरांच्या शेणातले जंतू गावच्या एका उथळ विहिरीत उतरले आणि नळांतून घरोघरी गेले. सात माणसं दगावली, दोन हजारांहून जास्त आजारी पडली. जमिनीवर काय चाललं आहे आणि पाइपात काय येतं आहे, हे दोन वेगळे विषय मानले की काय होतं, ते त्या गावाने भोगलं.

म्हणूनच सध्या जे चाललं आहे त्याने मी अस्वस्थ आहे. घरं लवकर बांधायची म्हणून ही पद्धत छाटली जाते आहे. अहवाल 30 दिवस लोकांसाठी खुला राहतो, पण 2020 पासून त्याविरुद्ध मंत्र्यांकडे दाद मागण्याची वाट मूळनिवासी समाजांच्या हक्कांपुरतीच उरली आहे. 2023 मध्ये आणखी काही कामांना सूट मिळाली. घरं हवीतच. पण फुल्या मारायला माणूस येण्याआधीच नकाशा शाईत गेला, तर वाचलेला वेळ पुढे पूर आणि दुरुस्त्यांमध्ये वसूल होतो.

आपल्याकडे भारतात तर ही पेन्सिलीची वेळ कायद्यातच नाही. पर्यावरण आकलनाच्या 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेत महामार्ग आहेत, पण शहरातले अंतर्गत रस्ते, नळाच्या वाहिन्या आणि मलवाहिन्या त्या यादीत येत नाहीत. ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, तिथेही ती अहवालाचा मसुदा तयार झाल्यावर होते. महाराष्ट्राच्या शहरांत झाडं तोडायची तर हरकती मागवाव्या लागतात. तो कायदाही योगायोगाने 1975 चाच. पण झाडावर नोटीस लागते तेव्हा रस्त्याची आखणी झालेली असते. पुण्यात सुट्टीला गेले की झाडांसाठी रस्त्यावर उतरलेली माणसं मला दिसतात. त्यांना लोक विकासविरोधी म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो. ती झाडापाशी उभी राहतात, कारण आखणीच्या टेबलापाशी त्यांना कुणी बोलावलेलंच नसतं.

कायदा बदलायची वाट न पाहताही एक गोष्ट करता येते. तुमच्या प्रभागात रुंदीकरणाची किंवा नव्या ड्रेनेज लाइनची बातमी आली, की निविदा निघण्याआधी पालिकेला लेखी विचारा: कोणकोणते पर्याय तपासले? काहीच केलं नाही तर काय होईल, हे तपासलं का? ओढ्याची पूररेषा कोणत्या पावसावर काढली आहे? उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकारात मागा. आणि तुमच्या गल्लीत पाणी नेमकं कुठे तुंबतं, हे स्वतः नकाशावर खूण करून कळवा. ती माहिती कोणत्याही सल्लागार कंपनीच्या संगणकात नसते.