साखर सोडणारं घर

सोडण्याची रीत मराठी घरांना नवी नाही. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, भजी, थालीपीठ, झुणका असे कांद्याचे सगळे प्रकार हौसेनं खाऊन घ्यायचे आणि मग चातुर्मासभर कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. वांगं पानात परत येतं ते चंपाषष्ठीला, खंडोबाच्या भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानं. काशीला जाऊन आलेली जुनी माणसं तिथं एखादं आवडीचं फळ किंवा भाजी सोडून येत आणि पुढं जन्मभर तिला हात लावत नसत. या सोडण्याला तिथी होती, चार माणसांची साक्ष होती आणि चुलीपाशी बसलेलं माणूसही ते सांभाळत होतं. ज्यानं सोडलं, त्याला रोज नव्यानं मनाशी झगडावं लागत नव्हतं.

साखर मात्र या यादीत सहसा आली नाही. उलट उपवासाच्या दिवशी ती वाढते: साबुदाण्याची खीर, राजगिऱ्याचे लाडू, पाकातली रताळी. सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा, तूप आणि साखर सव्वाच्या मापानं. पाडव्याला गुढीवर साखरेची गाठी, संक्रांतीला लेकीसुनांच्या आणि बाळांच्या अंगावर हलव्याचे दागिने, लग्न ठरलं की साखरपुडा, निकाल लागला की पेढे. डॉक्टरांनी तपासणीचा कागद पाहून ‘आता साखर बंद’ म्हटल्यावर जो माणूस घरी परततो, त्याच्यापाशी भीती असते, जिद्दही असते. पण कांद्या-वांग्याला होती तशी रीत त्याच्या हाताशी नसते. घरातलं इतर सगळं होतं तसंच चालू असतं आणि बदलायचं फक्त त्यानं.

अशा माणसांची संख्या आता लहान राहिलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळानं झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सगळ्या राज्यांत सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. मधुमेह केवळ साखर खाल्ल्यानं होतो असं नाही. आनुवंशिकता, पोटाचा घेर, बैठं आयुष्य, पानातला भात-पोळीचा ढीग यांचाही त्यात वाटा असतो. तरी या सगळ्यात सहज कमी करता येईल अशी वस्तू म्हणून बोट साखरेकडेच जातं, आणि तीच सहज कमी होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलेलं माप सोपं आहे. वरून घातलेली साखर, मध, सरबतं, फळांचे रस या सगळ्यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी; ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगलं. हे दुसरं माप साधारण २५ ग्रॅमचं, म्हणजे सहा लहान चमचे. सपाट चमचा ४ ग्रॅमचा धरला आणि कपात दोन चमचे साखर घातली, तर चार कप चहात ३२ ग्रॅम होतात. अजून आमटीतला गूळ, संध्याकाळची बिस्किटं, मुलांबरोबर घोटभर घेतलेलं शीतपेय हिशेबात आलेलंच नाही. अनेकांना आपण गोड खातो असं वाटतच नाही, कारण त्यांनी मिठाईला हात लावलेला नसतो. त्यांची साखर चहातून गेलेली असते.

गोडाची ओढ ही वाईट सवय म्हणून लागत नाही, ती जन्माबरोबर येते. तासा-दोन तासांच्या बाळाच्या जिभेवर गोड थेंब ठेवला तर चेहरा निवळतो, कडू ठेवला तर आक्रसतो. आईच्या दुधात सुमारे ७ टक्के दुग्धशर्करा असते. टाचेतून रक्त घेताना नवजात बाळाला साखरपाण्याचे थेंब दिले तर त्याला वेदना कमी जाणवतात, म्हणून अनेक रुग्णालयांत ते देतात. लाखो वर्षं माणसाला गोड चवीनं पिकलेलं फळ दाखवलं आणि विषारी कडूपासून दूर ठेवलं. मांजराची गोष्ट वेगळी. गोड चव ओळखणारं त्याचं जनुक निकामी झालेलं आहे, हे २००५ साली संशोधकांनी दाखवलं; त्याच्यापुढं बासुंदी ठेवली तर ते दुधासाठी येईल, साखरेसाठी नाही.

आणि हे सगळं जिभेवर संपत नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स झुकर यांच्या प्रयोगशाळेनं २०२० साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उंदरांपुढं साखरेचं पाणी आणि तितकंच गोड, पण कृत्रिम गोडीचं पाणी ठेवलं. सुरुवातीला ते दोन्ही पीत. दोन दिवसांत मात्र साखरेच्याच नळीवर जमले. ज्यांची गोड चवीची जाणीव काढून टाकली होती, तेही साखरेकडेच वळले. आतड्यात पोहोचलेल्या ग्लुकोजची खबर एका मज्जातंतूमार्गे थेट मेंदूला जाते आणि कृत्रिम गोडीमुळे ती जात नाही, असं त्यांना दिसलं. साखरेऐवजी कृत्रिम गोडीच्या गोळ्या घातलेला चहा पिऊन ‘काहीतरी कमी आहे’ असं म्हणणारी माणसं उगाच कुरकुरत नसावीत. याच संदर्भात जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलं, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडीचा आधार घेऊ नये. (आधीच मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही.) गुळाकडे वळणाऱ्यांचीही थोडी फसगत होते. कोल्हापूरचा पिवळाधमक गूळ चवीला कितीही निराळा असला, त्यात थोडी खनिजं असली, तरी त्याचा मोठा भाग साखरेचाच असतो आणि रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो.

मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी काही दशकं एका प्रश्नावर काम केलं: एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीशी वाटणं हे एकच आहे का? त्यांच्या प्रयोगांतल्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ नाहीसं केलं होतं. असा उंदीर समोरच्या अन्नाकडे फिरकत नसे, त्याला भरवावं लागे. पण जिभेवर गोड थेंब ठेवला की पूर्वीसारखेच ओठ चाटून तो आनंद दाखवी. म्हणजे आवड शाबूत होती, ओढ गेली होती. माणसाच्या रोजच्या जगण्यात याची दुसरी बाजू दिसते. चौथी बर्फी पहिलीइतकी रुचत नाही, तरी हात डब्याकडे जातोच. ही ओढ जागी करतात त्या ठरावीक वेळा आणि ठरावीक जागा: दुपारचे चार, फडताळातला तोच डबा, कचेरीतल्या कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. साखर सोडणाऱ्याला दिवसभर काही होत नाही आणि जेवण झाल्या झाल्या मन कासावीस होतं, ते यामुळे.

याला व्यसन म्हणावं का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात बार्ट होबेल यांच्या गटानं उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवून मग अन्नाबरोबर साखरपाणी दिलं, तेव्हा ते त्यावर तुटून पडू लागले. पुढं २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी असे प्रयोग तपासून एक महत्त्वाची गोष्ट मांडली: हे व्यसनासारखं वागणं उपाशी ठेवून मग मोकळं सोडलेल्या उंदरांमध्येच दिसतं, आणि माणसाला साखरेचं व्यसन लागतं असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. घरच्या वापरासाठी यातून एक ठोस गोष्ट निघते. सकाळी कडक निर्धारानं नाश्ता टाळायचा, दुपारी अर्धपोटी राहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन लाडवांचा डबा उघडायचा, हा क्रम मोडला पाहिजे. साखर सोडणाऱ्यानं उपाशी राहू नये. पोटभर उसळ, भाकरी, ताक, मूठभर शेंगदाणे खाल्लेल्या माणसाची तलफ पुष्कळ नरम असते.

झोपेचंही तसंच. शिकागो विद्यापीठात २००४ साली बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. त्यांच्या रक्तात भूक वाढवणारं संप्रेरक वाढलं, तृप्तीची खूण देणारं घटलं आणि त्यांना गोड-खारट, पिठूळ पदार्थ अधिक खावेसे वाटू लागले. जागरणानंतरच्या दिवशी साखर सोडायचा मुहूर्त धरू नये.

तलफ आली म्हणजे काय करायचं? वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट दारू-सिगारेट सोडणाऱ्यांबरोबर काम करत. त्यांनी तलफेला लाटेची उपमा दिली: ती चढते, शिखरावर येते आणि कोणी काही केलं नाही तरी ओसरते. तिच्याशी झुंजायचं नाही आणि तिच्यापुढं मान तुकवायची नाही. तोंडाला पाणी सुटलं, पोटात कालवलं, मन अधीर झालं, हे फक्त पाहत राहायचं. बहुतेकदा काही मिनिटांत ती उतरते. ही मिनिटं कशी घालवायची, याचीही उत्तरं मिळाली आहेत. तलफेत मन त्या पदार्थाचं चित्र रंगवत असतं. म्हणून नजर आणि मन दोन्ही गुंतवणारा टेट्रिससारखा खेळ तीन मिनिटं खेळल्यावर तलफेचा जोर कमी होतो, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळलं. त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या संशोधकांना पंधरा मिनिटं झपाझप चालल्यावर गोड खाण्याची ओढ घटलेली दिसली. जेवणानंतरची शतपावली आपल्याकडे पचनासाठी सांगितली जाते. ती स्वयंपाकघरापासून त्या नेमक्या वेळी दूरही नेते.

चव स्वतःही बदलते. अमेरिकेत एका प्रयोगात काही जणांनी तीन महिने साखर बरीच कमी केली, तेव्हा त्यांना तोच पदार्थ पूर्वीपेक्षा जास्त गोड लागू लागला. चहातली साखर दोन चमच्यांवरून दीडवर, मग एकावर, मग अर्ध्यावर आणणाऱ्यांचा अनुभव हाच असतो. काही महिन्यांनी जुन्या मापाचा चहा त्यांना पाकासारखा लागतो. याच प्रयोगात दुसरीही गोष्ट आढळली: गोडाची जाणीव तीव्र झाली, पण आवड मात्र कमी झाली नव्हती. म्हणून सहा महिने नेटानं काढल्यावरही श्रीखंड पाहून जीव अडकला, तर त्यात खचण्यासारखं काही नाही. (इन्सुलिन किंवा रक्तातली साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा आणि साखर अचानक उतरली तर तोंडात टाकायला खडीसाखर किंवा ग्लुकोज खिशात ठेवावं.)

मार्लट यांनी आणखी एक गोष्ट ओळखली होती. सोडणाऱ्या माणसाचा एकदा तोल गेला, की त्याला वाटतं, आता मोडलंच आहे, मग पुरतंच मोडू दे. लक्ष्मीपूजनाला एक करंजी खाल्ली जाते आणि भाऊबीजेपर्यंत फराळाचे डबे रिकामे होतात. नुकसान त्या एका करंजीनं होत नाही, तिच्यानंतर स्वतःला दिलेल्या दूषणांनी होतं. ‘तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही’ हे घरच्यांचं वाक्य त्यात भर घालतं.

खरी अडचण इथंच, घरच्यांपाशी आहे. आपल्याकडे नको म्हणणं अवघड असतं. ‘घासभर खा, एवढ्यानं काय होतंय’ असं म्हणणाऱ्या मावशीच्या मनात माया असते, आणि तिला नाही म्हटलं तर अपमान आपल्या हातून होतो. एकट्याच्या निग्रहाला दिवसातून पाच-सहा वेळा असा मायेचा आग्रह परतवावा लागत असेल, तर तो कधीतरी हरणारच.

निग्रह एकट्याचा नसला तर काय होतं, याचं उदाहरण ब्रिटनमध्ये घडलं. युद्धामुळे १९४० च्या जानेवारीत तिथं साखरेचं रेशनिंग सुरू झालं, १९४२ मध्ये गोळ्या-चॉकलेटांचंही. एप्रिल १९४९ मध्ये मिठाई मोकळी केली, तेव्हा लोक असे तुटून पडले की चार महिन्यांत पुन्हा बंधन आणावं लागलं. ते फेब्रुवारी १९५३ मध्ये उठलं आणि सप्टेंबरमध्ये साखरही मोकळी झाली. दरडोई रोजची सुमारे ४० ग्रॅम साखर पाहता पाहता ८० च्या घरात गेली. माणसं तीच होती. त्यांचा निग्रह १९५३ साली अचानक संपला नव्हता. इतकी वर्षं तो त्यांना एकट्यानं करावाच लागला नव्हता, एवढंच.

या तारखांचा उपयोग पुढं संशोधकांना झाला. बंधन उठण्याच्या आधी आणि नंतर जन्मलेल्या सुमारे साठ हजार माणसांची तुलना करणारा अभ्यास २०२४ साली ‘सायन्स’मध्ये आला. गर्भात आणि पहिल्या दोनेक वर्षांत ज्यांच्या वाट्याला कमी साखर आली होती, त्यांना उतारवयात टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. ज्यांना मधुमेह झाला, त्यांनाही तो सरासरी चार वर्षं उशिरा झाला.

ज्या घरात आजोबांना ‘साखर बंद’ सांगितलेलं असतं, त्याच घरात अनेकदा सून गरोदर असते किंवा नातवाचं उष्टावण नुकतंच झालेलं असतं. आजोबांसाठी चहाच्या आधणात साखर घालणं थांबवलं आणि ती ट्रेमध्ये वेगळी ठेवली, बिस्किटांचा पुडा सामानाच्या यादीतून काढला, बाळाच्या खिरीत वरून साखर घातली नाही, तर एकाच स्वयंपाकघरातून दोघांचंही काम होतं. त्यासाठी दोघांपैकी कोणालाही मन घट्ट करावं लागत नाही. पाहुण्याला ‘साखर किती घालू?’ असं आधी विचारायचं आणि तो ‘नको’ म्हणाला तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही, एवढं घरातल्या सगळ्यांनी मिळून आजपासून ठरवता येतं.