शाळेचा पत्ता घरी

मी कलाशाखेचा पदवीधर. वर्गात मराठी शिकवावे, घरी आईशी कोंकणीत बोलावे आणि यंत्रांच्या वाटेला शक्यतो जाऊ नये, असा माझा आजवरचा क्रम. परंतु हल्ली गुणपत्रकेही संगणकावरच भरावी लागत असल्यामुळे एक लॅपटॉप माझ्याही पदरी पडला आहे. २०२४ च्या जुलै महिन्यातील एका शनिवारी रात्री त्याने मला जी अद्दल घडविली, तिची ही हकीकत. ती या अंकात देण्याला कारण आहे. ते पुढे येईलच.

नववीच्या चाचणीचे गुण त्या रात्री बारापर्यंत पाठवावयाचे होते. जेवण आटोपून मी लॅपटॉप उघडला. कोपऱ्यातील वाय-फायची पंख्यासारखी खूण पूर्ण भरलेली होती, पण खाली लिहिले होते : जोडलेले आहे, इंटरनेट नाही. बाहेर फोंड्याचा पाऊस कोसळत होता. प्रथम मी दोष दिला तो आमच्या जुन्या घराला. जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंती ओलांडताना वाय-फायच्या लहरी क्षीण होतात, हे खरेच आहे. म्हणून राउटरच्या शेजारी पाट मांडून बसलो. फरक शून्य. मग राउटर बंद करून चालू केला, लॅपटॉपही. परवलीचा शब्द नव्याने घातला. व्यर्थ! आई मात्र आतल्या खोलीत त्याच वाय-फायवर, फोनवर, भजन ऐकत होती. या गोष्टीचा अर्थ मला तेव्हाच कळावयास हवा होता. कळला नाही, कारण मला अपराधी सापडला होता.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत भित्तिपत्रकाचा मजकूर टंकलिखित करण्यासाठी मी लॅपटॉप नववीतील एका मुलाच्या हाती दिला होता. तो आमच्याच वाड्यावरचा. निरोप मिळताच भिजत आला. "कशाकशाला हात लावलास?" मी विचारले. शाळेत हा मुलगा माझ्याशी नेटके मराठी बोलतो. पण भेदरलेल्या माणसाच्या तोंडी घरचीच भाषा येते. "सर, हांवें कांयच करूंक ना," तो म्हणाला. मी मात्र वर्गातले मराठी सोडले नाही. जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. तो सोप्यावरून उतरून गेला तेव्हा हातातली छत्री उघडायचीही विसरला.

मग मी संगणक शिकविणाऱ्या सहकाऱ्यांना फोन लावला. त्यांनी एक काळी खिडकी उघडावयास लावून तीत 'आयपीकॉन्फिग' असे लिहावयास सांगितले. "आता पत्ता वाचा." मी वाचला : १९२.१६८.१.८९. ते हसू लागले.

मित्रहो, इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येक यंत्राला अंकांचा एक पत्ता लागतो. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. जगाला ते पुरेनात. म्हणून काही पत्ते घरे, शाळा, कचेऱ्या यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. कितीही घरांनी तेच वापरावेत. राउटर हा घरचा यजमान. पंगतीत पान मांडावे तसा येणाऱ्या प्रत्येक यंत्राला तो आपणहून पत्ता देतो. आमच्या यजमानाचा पत्ता १९२.१६८.०.१, आणि त्याची पाने १९२.१६८.० याच ओळीत मांडलेली. आईच्या फोनने निमूटपणे आपले पान घेतले होते. लॅपटॉप मात्र शाळेचा पत्ता छातीशी धरून, बाहेर पडण्यासाठी शाळेचेच दार शोधीत बसला होता. ती भरलेली खूण सांगते ती केवळ लॅपटॉप ते राउटर एवढ्याच वाटेची हकीकत. पाऊलवाट स्वच्छ असली म्हणजे पणजीची बस मिळतेच असे नाही!

पण मी सुन्न झालो तो त्या शेवटच्या ८९ मुळे. १९८९ हे माझे जन्मवर्ष. त्या सकाळी शाळेचा राउटर पत्ते देईनासा झाला होता. तेव्हा सहकाऱ्यांच्या चिठ्ठीवरून मीच तो पत्ता हाताने भरला होता आणि शेवटचा आकडा मनाचा घातला होता. तो शाळेच्या वाय-फायपुरता न राहता यंत्रातच कायम झाला. मुलाने खरोखरच कशालाही हात लावला नव्हता.

'पत्ता आपोआप घ्यावा' असा पर्याय निवडताच इंटरनेट सुरू झाले. अकराच्या सुमारास गुण रवाना झाले. यादीत आठवे नाव त्याचे होते.

रविवारी सकाळी त्याच्या घरी गेलो. वाटेत दोनतीन वाक्ये मराठीत जुळविली होती. उंबऱ्यावर त्यांतले एकही आठवेना. "चूक म्हजी," एवढेच म्हणालो. त्याच्या आईने चहा ठेवला. मी त्याला रागे भरलो ते शेजारच्या चार घरांनी ऐकले होते. चूक कबूल केली ती एका आईनेच ऐकली. म्हणून हे त्याला विचारूनच छापावयास दिले आहे.

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने हळूच विचारले, "पूण सर, आईचो फोन कसो चलतालो?"

मी त्याच्याकडून कागद-पेन्सिल मागून घेतली.