रक्त कोणी प्यायले?

हातकणंगले स्थानकावर कोल्हापूरच्या गाडीची वाट पाहत बसणे हा आमचा जुना परिपाठ आहे. गाडीस उशीर झाला तरी आम्हांस राग येत नाही, कारण जवळ पुस्तक असते. परवा असेच ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी दुसऱ्यांदा उघडून बसलो होतो. बाकावरील एका वृद्ध गृहस्थांनी मुखपृष्ठावरचे सुळे पाहिले आणि विचारले, "या वयात भुताखेताची पुस्तकं वाचताय होय?" आम्ही नुसते हसलो, पण प्रश्न मनात घर करून राहिला.

वास्तविक ही केवळ भुताची गोष्ट नव्हे. त्यातला काउंट आपल्या पूर्वजांनी तुर्कांशी केलेल्या लढाया अशा अभिमानाने सांगतो की, एखाद्या जुन्या सरदार घराण्याची बखर ऐकत आहोत असे वाटावे. उलट त्याच्याशी झुंजणाऱ्यांच्या हाती टंकयंत्र आहे, फोनोग्राफ आहे आणि आगगाडीचे वेळापत्रक आहे. लूसी ह्या तरुणीस वाचवण्यासाठी एकामागून एक चार पुरुषांचे रक्त दिले जाते. कोणाचे रक्त कोणास चालेल, हे तेथे कोणी विचारीत नाही. कसे विचारणार? कादंबरी १८९७ सालची, आणि कार्ल लँडस्टायनरने रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला तो १९०१ साली! आजच्या वाचकास त्या पानावर पिशाचापेक्षा वैद्यांचीच धास्ती अधिक वाटते.

आपल्याकडे नारायण धारपांनी 'लुचाई'त रक्तपिपासू मराठी वाचकांच्या दारी आणला. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' लिहून इतिहास व विज्ञान यांचे लग्न लावून दिले. ह्या दोन वाटा एकत्र मिळतील अशी जागा कोणती, ह्याचा विचार करीत असता आम्हांस आमचेच घर आठवले.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन ह्या शास्त्रज्ञाने तेथेच आपली नवी लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे ती साथ कोल्हापूर संस्थानातही आली. गावे ओस पडली आणि माणसे रानात झोपड्या घालून राहिली. आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ व त्याची दोन मुले पंधरवड्यात गेली. तिघांचीही शुश्रूषा त्याच्या पत्नीने केली, आणि ती मात्र जगली. हाच तिचा अपराध. "हिनेच खाल्ली माणसं," असे लोक म्हणाले, आणि घरानेही ते मानले. रानात तिची झोपडी वेगळी पडली. गावात परतल्यावर गोठ्यालगतच्या खोलीत तिने उरलेला जन्म काढला. आमच्या आजीने तिला म्हातारपणी पाहिले होते. पण तिच्याविषयी बोलताना आजीचाही आवाज खाली येई.

आमचा जन्म त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाला. तरीही त्या खोलीवरून जाताना आम्ही मुले धावत सुटत असू. इतकेच नव्हे, तर अंगणात 'खाणारी काकू' नावाचा खेळ खेळत असू. जिच्यावर राज्य येई तिने पदर डोक्यावरून ओढून इतरांस धरायचे. त्या खेळात आम्ही पुष्कळ हसलो आहो. आज ते हसू आठवले की मान खाली जाते.

कारण आमच्या घरातले रक्त खरोखरच कोणीतरी प्यायले होते. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच वैद्याने कराचीत दाखवून दिले की, हा रोग उंदरावरील पिसू पसरविते. उंदीर मेला, त्याचे अंग गार पडले, की ती ऊन रक्ताच्या शोधात माणसाकडे वळते. पुढे असेही कळले की, जंतूंनी तिचे पोट तुंबते, म्हणून कितीही चावली तरी ती उपाशीच राहते आणि पुनःपुन्हा चावते. काउंटची तहान ह्याहून निराळी ती काय? सिमाँच्या म्हणण्यावर कित्येक वर्षे शास्त्रज्ञांचाही विश्वास बसला नाही. मग आमच्या घराचा कोठून बसणार? तथापि शास्त्रज्ञांनी आपली चूक पुढे सुधारली. आमच्या घराने ती कधीच सुधारली नाही.

ह्यासाठी इतिहास आणि विज्ञान एकत्र नांदवणारी रक्तपिपासूची कादंबरी आम्हांस हवी आहे. घरात भय कसे वावरत होते ते इतिहासाने सांगावे, खरा रक्तपिपासू कोण ते विज्ञानाने सांगावे, आणि जिच्यावर आळ आला तिला कथेने पुन्हा माजघरात बोलवावे. आमच्या वंशावळीत पणजोबांच्या त्या भावाचे नाव आहे, मुलांची आहेत. तिच्या जागी नुसती रेघ आहे.

एवढ्यात गाडी आली. डब्यात ते गृहस्थ आमच्या समोरच बसले. "आमच्या घरात एक बाई होती," अशी आम्ही सुरुवात केली, आणि रुकडी मागे पडली तरी ते ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "नाव काय हो त्यांचं?"

आम्ही खिडकीबाहेर पाहिले.